पाखरांच्या मुक्कामांचा राखणदार : सलीम अली

मार्गशीर्षाची थंडी पडू लागली की काशीच्या गंगेवर पांढऱ्या पाखरांचे थवे उतरलेले दिसतात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या आपल्या जुन्या वस्तीच्या घाटांवर सकाळचे ऊन खात बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना हा देखावा पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. नावाडी त्यांना सरसकट सायबेरियाचे पक्षी म्हणतात, यात्रेकरू होडीतून त्यांच्यापुढे शेव उधळतात, आणि पाखरे कलकलाट करीत होडीभोवती घिरट्या घालतात. मराठीत या पक्ष्याला कुरव असे नाव आहे. त्याच्या दोन जाती येथे मिसळून वावरतात, एक काळ्या डोक्याची व एक तपकिरी डोक्याची. मात्र हिवाळ्यात दोघींचीही डोकी जवळजवळ पांढरीच असतात. यांतील तपकिरी डोक्याचा कुरव सायबेरियाहून येत नाही. त्याची घरटी लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी असतात, आणि त्या सरोवरांत खुद्द मानससरोवर आहे. हाच कुरव मुंबईच्या चौपाटीवर आणि कोकणच्या खाड्यांवरही हिवाळा काढतो. घर सोडून दूर येऊन राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांना हा सोबती आपला वाटावा यात नवल नाही.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत झाशीच्या राणीचे व काशीतील वैदिक पंडितांचे स्मरण व्हावे हे उचितच आहे. परंतु या खेपेस एका निराळ्याच पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. हा गृहस्थ मुंबईत जन्मला, अलिबागजवळच्या किहीमला त्याला आपल्या कार्याची दिशा गवसली, आणि पाखरांच्या मागे तो कच्छच्या रणापासून मानसापर्यंत हिंडला. कोणते पाणी, कोणती दलदल, कोणती खाडी आधी राखली पाहिजे, हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी प्रथम गांभीर्याने घेतला, त्यांत डॉ. सलीम अली यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना जाऊन आता तीन तपांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या हातून जे साधले ते सांगावेच, पण एके ठिकाणी त्यांचा अंदाज चुकला तेही सांगावे, कारण चरित्राचा तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे होण्याच्या सुमारास वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम या निपुत्रिक दांपत्याने खेतवाडीच्या घरी या पोरक्या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिकारी होते, आणि भाच्यांच्या हातीही लहानपणीच छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी सलीमने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असा प्रश्न पडला. मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठविले. तेथील मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड या साहेबाने ती पीतकंठी चिमणी ओळखली, इतकेच नव्हे तर पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांचे खणच्या खण उघडून त्या बुजऱ्या मुलाला दाखविले. पुढे साऱ्या आयुष्याचे वळण ज्या क्षणी ठरले तो हाच. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून अनेकांनी वाचली असेल, म्हणून तिचा विस्तार करीत नाही.

शिक्षण मात्र धड झाले नाही. १९१३ साली मॅट्रिक होऊन सेंट झेवियर महाविद्यालयात नाव घातले, ते अर्ध्यावर सोडून ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या लाकडाच्या व टंगस्टनच्या व्यवसायात गेले. तेथे हिशेबापेक्षा जंगलातच अधिक रमले. मुंबईस परत येऊन हिशेबनीशी व व्यापारी कायदा शिकत असतानाच झेवियरच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा व्यवसायात खोट, पुन्हा मुंबई, अशी काही वर्षे गेली. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. अखेर १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग विभागात दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली.

तेथून रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली काम केले, आणि उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पाखरांच्या पायांत धातूची कडी घालून त्यांचा प्रवास शोधण्याची पद्धत पाहिली. हे शिक्षण पदवीचे नव्हते, पण पुढे त्याचेच सोने झाले. १९३० साली मुंबईस परतल्यावर समजले की पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाली आहे.

नोकरी नाही, हाती पैसा बेताचा, अशा स्थितीत पतिपत्नी समुद्राकाठी किहीमच्या घरी राहावयास गेली. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने शिडीवर मचाण बांधून सलीम अली त्या घरट्यांकडे पाहात बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर तेथे बिऱ्हाड मांडते. मग नर घरटे पुरे करतो आणि दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीला हात घालतो, हे त्यांनी प्रथमच पद्धतशीर नोंदविले. बहिणाबाईंच्या खोप्यामुळे सुगरण आपल्या घराघरांत पोचली आहे खरी. पण घरटे विणण्याचे श्रम नर करतो, हे किहीमच्या त्या पावसाळ्यानंतर निर्विवाद झाले. बेकारीच्या दिवसांनी त्यांना एक गोष्ट शिकविली. मेलेले पाखरू पेटीत घालून त्याचे नाव ठरते, पण ते कसे जगते हे कळण्यासाठी ते जेथे राहते तेथे आपण राहावे लागते.

पुढची वीस वर्षे अशीच राहण्याची. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर, मध्य भारतातील संस्थाने, बहावलपूर, कच्छ अशी एकेका संस्थानाची पक्षिगणना त्यांनी अंगावर घेतली. अट एवढीच की, संस्थानाने प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सोसावा, मेहनताना नको. बैलगाडी, तंबू, कंदील आणि सोबत तहमीना. परदेशी वाढलेल्या या बाईंनी जंगलातील संसार आनंदाने स्वीकारला होता. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या पाली हिलवरील घरी ते राहू लागले व त्याच सुमारास हाती असलेले पुस्तक त्यांनी पुरे केले. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील या इंग्रजी पुस्तकाने सामान्य शिकल्यासवरल्या माणसाला रंगीत चित्रांवरून पाखरू ओळखावयास शिकविले. नेहरूंच्या घरापर्यंत ते पुस्तक पोचलेले होते, आणि त्या ओळखीचा उपयोग पुढे कसा झाला ते येईलच.

आता १९४५ सालाकडे येतो. या एका वर्षात सलीम अलींनी दोन प्रवास केले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पाणथळींविषयीचा त्यांचा सारा पुढचा विचार या दोन प्रवासांत साठलेला आहे.

पहिला प्रवास एप्रिलमधला, कच्छच्या मोठ्या रणातला. तेथे रोहित पक्ष्यांची वसाहत आहे हे कच्छच्या राजघराण्याला ठाऊक होते. सलीम अली तेथे पोचले तेव्हा क्षितिजापर्यंत चिखलाच्या बुटक्या उतरंडींसारखी घरटी आणि त्यांवर व त्यांभोवती गुलाबी पाखरांचे नगर पसरलेले होते. त्यांचा अदमास लहानमोठ्या मिळून सुमारे पाच लाख पाखरांचा होता. नकाशावर ही जागा म्हणजे निव्वळ ओसाड खारवट. वर्षानुवर्षे तेथे काहीच नसते. पाऊस पुरेसा झाला, रणात पाणी भरले आणि ते ठरावीक बेताने उथळ राहिले, तरच रोहित तेथे घरटी करतात. पाणी कमी पडले तर वसाहत उधळते, जास्त झाले तर घरटी बुडतात. म्हणजे जी जागा दहांपैकी कित्येक वर्षे रिकामी दिसते, तीच एखाद्या वर्षी साऱ्या जातीची सूतिकागृह ठरते. कचेरीत बसून निरुपयोगी पडीक जमीन असा शेरा मारणाऱ्याला हे कसे कळावे?

दुसरा प्रवास उन्हाळ्यातला, अल्मोड्याच्या वाटेने कैलास-मानसाचा. आपल्या काशीहून पुण्यार्थ जेथे लोक जात आले, तेथे हा मुंबईकर मुसलमान पाखरांची यात्रा म्हणून गेला आणि आपल्या वृत्तांतालाही त्याने यात्रा हाच शब्द वापरला. आपल्याकडे हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या पक्ष्यांचे माहेर तिकडे आहे. डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, तपकिरी डोक्याचे कुरव, आणि संस्कृत कवींनी विरहाचे प्रतीक केलेला चक्रवाक या साऱ्यांची घरटी त्या पठारावर असतात. रामनगरच्या बाजूच्या वाळवंटात माघ महिन्यात जोडीने बसलेले भगवे चक्रवाक आपण पाहतो. त्यांची पिले त्या थंड प्रदेशातच जन्मतात. कविसंकेतात चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन तीरांवर दुरावते. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्याचे दोन तीर हिमालयाच्या अलीकडे व पलीकडे आहेत.

या दोन टोकांच्या मधले काय, हा पुढचा प्रश्न होता. पाखरू मानसाहून निघते आणि समुद्राकाठी पोचते. वाटेत ते कोठे उतरते, कोठे खाते, किती दिवस थांबते? साखळीतील एक कडी तुटली तर पुढचे-मागचे राखून उपयोग नाही. हे शोधावयाचे तर हेल्गोलँडला पाहिलेली पद्धत येथे मोठ्या प्रमाणावर आणावयास हवी होती, आणि त्यासाठी पैसा नव्हता. स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद निघून गेल्याने खुद्द नॅचरल हिस्टरी सोसायटीच डबघाईस आली होती. सलीम अलींनी नेहरूंना लिहून तिला मदत मिळवून दिली, म्हणून ती तगली.

पैसा आला तो अगदी अनपेक्षित वाटेने. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व माणसांना ताप येऊ लागला. रोगाचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी जुळता असल्याने, गोचिड्यांमार्फत तो स्थलांतरी पक्ष्यांनी आणला असावा असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या शोधासाठी साहाय्य देऊ केले आणि १९५९-६० पासून सोसायटीचे कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पाखरांवरचा तो आरोप काही सिद्ध झाला नाही. पण भरतपूर, कच्छ, केरळ, तामिळनाडूचा वेदारण्यम किनारा अशा ठिकाणी जाळी लावून हजारो पाखरांच्या पायांत अल्युमिनियमची कडी चढली. सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवावे अशा अर्थाचा मजकूर व एक क्रमांक त्या कड्यावर असे. मग मध्य आशियातून, सायबेरियातून, कोणा शिकाऱ्याचे किंवा कोळ्याचे पत्र मुंबईस येई, आणि नकाशावर एक रेघ वाढे. पुढे या कामाला अमेरिकन सैन्याशी संबंधित एका योजनेचे पैसे मिळाले, त्यावरून १९७० नंतर वृत्तपत्रांत व संसदेत बराच गदारोळ झाला. पैशाचा उगम पाहावा की कामाचा उपयोग, हा वाद तेव्हाही तुटला नाही. असो.

या रेघांतून जे दिसले ते थोडक्यात असे की, देशातील सर्व तळी व खाड्या सारख्या मोलाच्या नसतात. मूठभर जागांवर लाखो पाखरांचा भार असतो. साधने अपुरी असतील, आणि आपल्या देशात ती नेहमीच अपुरी असतात, तर आधी त्या मूठभर जागा राखल्या पाहिजेत. वेदारण्यमजवळच्या कोडिकरै या भूशिराचे, म्हणजे पॉइंट कॅलिमियरचे, महत्त्व सलीम अलींनी असेच दाखवून दिले आणि १९६७ साली ते अभयारण्य झाले. पुढे १९७१ साली इराणमधील रामसर गावी राष्ट्राराष्ट्रांचा जो करार झाला, त्याच्या नियमांत हाच विचार आकड्यांत मांडला गेला. एखाद्या पाणथळीवर नियमाने २० हजारांहून अधिक पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी शेकडा एक इतके पक्षी तेथे आसरा घेत असतील, तर ती जागा साऱ्या जगाच्या महत्त्वाची समजावी. वरवर रुक्ष वाटणारा हा नियम आहे, पण तो लागू करावयाचा तर कोणीतरी थंडीत चिखलात उभे राहून पाखरे मोजलेली असावी लागतात. १९८१ साली भारताने या यादीसाठी पहिली दोन नावे दिली, ओरिसातील चिल्का सरोवर आणि भरतपूरचे केवलादेव.

भरतपूरची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. शहराजवळचा हा सखल भाग अजान बंधाऱ्याच्या पाण्याने भरे. मध्ये केवलादेव महादेवाचे देऊळ, भोवती बाभळी, आणि सारे क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांची घरटी दाटीने लागतात. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके, हंस आणि क्रौंच येतात. संस्थानी काळात हे महाराजांचे शिकारीचे तळे होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, आणि तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. योगायोग असा की, तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

संस्थान विलीन झाल्यावर भोवतालच्या गावकऱ्यांनी मागणी केली की, राजाची चैन आता संपली. हे पाणी शेतीला द्यावे आणि तळ्याची जमीन कसावयास द्यावी. देशात धान्याची टंचाई होती. मागणी अन्यायाची होती असे कोणालाही म्हणता येणार नाही. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत धाव घेतली, तळ्याचे मोल पटवून दिले, आणि १९५६ साली तेथे अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र कायम राहिला व तो १९७२ साली संपला. स्वतः सलीम अली बंदूक चालविणारे. नमुन्यासाठी पाखरू मारण्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही, आणि केवळ भूतदयेच्या भावनेवर उभ्या असलेल्या पक्षिप्रेमाविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती. एखादे पाखरू मेल्याने जात संपत नाही, पण तिचे तळे आटविले तर ती संपते, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या दृष्टीने शिकारी राजापेक्षा नांगर अधिक धोक्याचा होता. हा निर्णय कठोर होता; त्याची किंमत आजूबाजूच्या खेड्यांनी मोजली, हेही मान्य केले पाहिजे.

१९८१-८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चरू नयेत असा कायदा. म्हशी घरटी तुडवितात, गवत खाऊन टाकतात, तेव्हा त्यांना बाहेर काढावे, असेच सलीम अलींचे व त्यांच्या सोसायटीचे मत होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांपुढे दुसरी सोय ठेवलेली नव्हती. संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे प्राण गेले. पाखरांच्या संरक्षणाच्या इतिहासातील हे पान वाचताना मन विषण्ण होते, आणि ते गाळून सलीम अलींचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पुढे जे घडले ते आणखी शिकण्यासारखे आहे. बंदीच्या आधीच, १९८० साली, सोसायटीने केवलादेवच्या पाण्याचा, वनस्पतींचा व पाखरांचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. त्या अभ्यासातून निघाले ते बंदीच्या उलट. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातील एक चिवट गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले, मासे कमी झाले. बदकांना उतरावयास जागा उरेना, आणि कंद उकरून खाणाऱ्या पाखरांना चिखल मिळेना. ज्या म्हशीला शत्रू समजून हाकलले ती त्या तळ्याची बिनपगारी माळीण होती! हा निष्कर्ष सलीम अलींच्याच संस्थेच्या माणसांनी काढला आणि छापला, पण त्याचा अंतिम अहवाल येईपर्यंत ते या जगात नव्हते. कालांतराने गावकऱ्यांना आत येऊन हाताने गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. गेलेली माणसे काही परत आली नाहीत. ज्याच्यासाठी केवलादेवची कीर्ती होती तो पांढराशुभ्र सायबेरियन क्रौंचही २००२ नंतर तेथे दिसलेला नाही. त्याच्या नाहीशा होण्याची कारणे मात्र अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवरील शिकारीतही शोधावी लागतात. साखळीचा विचार येथे पुन्हा आठवतो.

समुद्रकाठाच्या बाबतीत सलीम अलींच्या हयातीतच एक मोठे पाऊल पडले. पक्ष्यांची आवड असलेल्या इंदिरा गांधींनी १९८१ च्या नोव्हेंबरात किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नये, असे सुचविले. १९९१ च्या फेब्रुवारीत निघालेल्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेचे मूळ त्या पत्रात आहे. खाजणे, तिवरांची वने, चिखलाची मैदाने यांना कायद्याच्या भाषेत प्रथमच काही मोल आले. त्यानंतर नियम अनेकदा सैल झाले, पण ती हकीकत निराळी.

मानसन्मान उशिरा पण भरपूर आले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेची नियुक्ती. आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी सोसायटीकडे सोपविले. अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. वयाच्या नव्वदाव्या वर्षी, २० जून १९८७ रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आपल्या महाराष्ट्राविषयी दोन शब्द. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर बंधाऱ्यामुळे झालेल्या नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळीला त्यांनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते असे सांगतात. ते १९८६ साली अभयारण्य झाले, त्याच वर्षी पैठणचा नाथसागरही झाला, आणि २०२० साली नांदूर-मध्यमेश्वर हे रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले नाव ठरले. गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरच्या तिवरांना १९८८ साली सलीम अलींचेच नाव देण्यात आले. ठाण्याच्या खाडीत शिवडीपासून वरपर्यंत हजारो रोहित हिवाळ्यात जमू लागले ते त्यांच्या पश्चात. १९४५ साली ज्यांचे नगर पाहण्यासाठी ते रणात गेले, ती पाखरे त्यांच्या जन्मगावच्या दारी आली आणि पाहावयास ते नव्हते. ही खाडी २०१५ साली रोहितांसाठी अभयारण्य झाली व २०२२ साली रामसर यादीत गेली. नव्या मुंबईच्या आणि उरणच्या पाणथळींवर मात्र भराव घालावा की न घालावा याचे झगडे संपलेले नाहीत.

२००४ साली सोसायटीने देशातील पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत ४६६ ठिकाणे होती. आधी कोणती राखावीत याचे उत्तर देण्यासाठी अशी सूची लागते, आणि सूचीसाठी मोजणी. आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतली गणना सलीम अली निवर्तले त्याच १९८७ साली सुरू झाली. ती पगारी माणसांवर चालत नाही. दुर्बीण आणि वही घेऊन पहाटे निघणारे शिक्षक, विद्यार्थी, कारकून ती करतात. आपल्या शेजारच्या बलिया जिल्ह्यातील सुरहा ताल, बस्तीकडचे बखिरा सरोवर अशा जागा काशीहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या आहेत. मंडळातील तरुण मुलामुलींनी कोजागरीच्या सहलीबरोबर जानेवारीतील एक रविवार याही कामाला दिला तर काही बिघडणार नाही.

तोपर्यंत निदान घाटावरच्या कुरवांकडे नीट पाहावे. शेव त्यांचे अन्न नव्हे. मासे, किडे आणि नदीच्या काठची घाणही ते खातात. फेब्रुवारीच्या मध्यानंतर एकेकाचे पांढरे डोके हळूहळू रंगू लागते. ज्याचे तपकिरी होईल तो वरच्या पठाराकडे जाणारा, असे समजावे. होळी उलटली की एखाद्या सकाळी पंचगंगेवर पाहावे तर पाणी मोकळे असते.